पहिलीच्या वर्गात एकच नाव

लेख बुधवारी द्यायचा होता आणि शुक्रवारच्या दुपारी माझ्याकडे नुसती टिपणं होती. विषय मोठा: जगभर जन्मदर घसरतो आहे, तर देश काय करतात आणि काय करू शकतात. एक देश प्रत्येक बाळामागे पैसे देतो, दुसरा बापालाही पगारी रजा देतो, तिसरा तरुण जोडप्यांना घर घ्यायला मदत करतो, चौथा बाहेरच्या माणसांसाठी दार थोडं किलकिलं करतो आणि मग त्यावरून घरातच भांडतो. वाचून सगळं झालं होतं. लिहायला बसलं की पहिल्या परिच्छेदापुढे गाडी सरकत नव्हती. टिपणांत आकडे भरपूर होते, माणूस एकही नव्हता.

तेवढ्यात लंजे गुरुजींचा मेसेज आला. गुरुजी या ब्लॉगचे जुने वाचक. गोंदिया जिल्ह्यात, केशोरीजवळच्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत. चौथीपर्यंतची शाळा, शिक्षक एकटे तेच. त्यांनी लिहिलं होतं, ‘ताई, सोमवारी शाळा सुरू होते. पहिलीत यंदा गावातली एकच पोरगी आहे. तिची बैलगाडीतून मिरवणूक काढणार आहोत. या.’

मी लॅपटॉप बंद केला आणि गाडीच्या टायरमधली हवा तपासून आणली.

शनिवार : नागपूर ते नवेगाव बांध

सकाळी सहाला नागपूर सोडलं. भंडारा, लाखनी, साकोली हा रायपूरचा महामार्ग आता चांगला आहे. जंगलाच्या पट्ट्यात मात्र वेग कमी ठेवा, जनावरं रस्ता ओलांडतात. सडक अर्जुनी तालुका लागला की ट्रकांच्या रांगा आणि ढाबे सुरू होतात. नवेगावला वळण्याआधी इथेच नाश्ता उरकून घ्या, पुढे पर्याय कमी आहेत. मी आलूपराठा आणि चहा घेतला, सत्तर रुपये झाले.

ढाब्याचा मालक गल्ल्यावर बसून दोन ट्रकवाल्यांशी गप्पा मारत होता. मी सहज विचारलं, इकडचीच मुलं कामाला असतात का?

“पोट्टे कुठं भेटतात आता मॅडम? घरोघरी एक, फार तर दोन. ते पण सब नागपूर, हैदराबाद. भट्टीवर आहे तो ओडिशाचा, टेबल पुसून राहिला तो झारखंडचा.”

“और सेठ कहाँ का है?” एका ट्रकवाल्यानं विचारलं.

“सेठ अभी तक यहीं का है. लेकिन माझा पोट्टा पुण्याले गेला, म्हणजे पुढचा सेठ पण झारखंडचाच धरा.”

टेबल पुसणारा, मिशी पिकलेला माणूस न हसता म्हणाला, “मेरा बेटा भी नहीं आएगा, सेठजी. वो भी पुणे में है.”

माझ्या लेखातला चौथा देश एका प्लेटीत आला होता. मी ते लिहून घेतलं आणि उजवीकडे वळले.

नवेगावचा तलाव पाहायचा तर हिवाळ्यात या, पक्षी तेव्हा येतात. जूनच्या शेवटी पाणी खाली गेलेलं असतं, काठ मोकळा पडतो आणि त्यावर गाई चरत असतात. तरी मला हा मोसम आवडतो. पर्यटक नसतात, डोंगरांमध्ये धरलेलं ते पाणी आपलंच वाटतं. मुक्कामाची खोली साधी होती, पंखा चालला, हेच पुष्कळ. संध्याकाळी काठावर कोळणींकडून ताजे मासे घेतले तर मुक्कामाच्या जागी करून देतात. सोबत भात आणि लाखोरीची डाळ. या डाळीसाठी मी एरवीही इतक्या लांब आले असते.

रविवार : केशोरी आणि पुढे

अर्जुनी मोरगावला पेट्रोल भरून घ्या आणि थोडी रोकड जवळ ठेवा. पुढे मोबाईलची रेंज झाडाझाडागणिक बदलते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. पाऊस दोनदा येऊन गेला होता, पऱ्हे टाकायची म्हणजे रोपवाटिका पेरायची कामं सुरू होती. केशोरी मोठं गाव आहे, बाजार, बँक, दवाखाना सगळं आहे. गुरुजींचं घर तिथेच. त्यांच्या पत्नीनं तांदळाची भाकर आणि वांग्याची भाजी केली होती. जेवताना गुरुजींनी मला हिशेब समजावला.

“चौथीतून तीन मुलं गेली. राहिली नऊ. पहिलीतली माही आली तर दहा. दहाच्या खाली पट गेला तर शाळा पलीकडच्या गावाला जोडायचा प्रस्ताव जाईल, असं तोंडी कानावर घातलंय. पलीकडचं गाव म्हणजे तीन किलोमीटर जंगलची वाट, मधे अस्वलं. लहान पोरं चालणार कशी? दोन-चार घरं केशोरीत येतील, बाकीची पोरं घरी बसतील.”

“म्हणजे सगळं या एका मुलीवर?”

“एका मुलीवर,” गुरुजी म्हणाले आणि त्यांनी ताटाला हात लावून नमस्कार केला. “पण काळजी नाही. तिच्या बापाशी, रमेशशी, फोनवर बोललो. तो नागपुरात वायरिंगची कामं करतो. हो म्हणाला.”

गावाचं नाव मी लिहीत नाही आणि माणसांचीही नावं बदलली आहेत. इतक्या लहान गावात नाव लिहिलं की प्रत्येक घर ओळखू येतं. जेवून आम्ही तिथे गेलो, शाळा मात्र कशी आहे ते सांगते. दोन खोल्या, पुढे लांब पडवी, निळा रंग, भिंतीवर बाराखडी आणि आवारात एक मोठं मोहाचं झाड. मागे बोडी, म्हणजे लहान तळं. दुपारी तीन वाजता झाडाखाली बैलगाडी उभी होती आणि गावातले आठ-दहा जण तिला सजवत होते. आंब्याची पानं, कागदाच्या पताका, बैलांच्या शिंगांना लाल रंग. फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं होतं, ‘माही रमेश मडावी हिचे स्वागत असो.’

झाडाखाली शेवंताबाई बसल्या होत्या. साठीच्या, उंच, आवाज असा की पलीकडच्या बांधीत पोहोचावा. गावातल्या पंधरा बायका मिळून धानाच्या रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, ठेके घेतात, त्या टोळीच्या त्या प्रमुख. मला त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुमी पेपरातल्या का?”

“होते. आता घरून लिहिते.”

“लिवा मंग. तिकडं गोंदियाकडं साहेब लोक सारस मोजाले येतात म्हणे. इकडं पोट्टे मोजाले येतात. दोन्ही कमीच भरून राहिले.”

माही गाडीत चढून बसली होती. सहा वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. पताका तोंडाजवळ धरून ती फू-फू करत होती. मी तिचे फोटो काढले. सगळे आनंदात होते. अंगणवाडीतून यंदा तीच एकटी बाहेर पडली होती, पुढच्या वर्षी कोणीच नव्हतं. त्यानंतर दोन.

माहीला न्यायला तिची आई आली, दुर्गा. डोक्यावर सरपणाचा भारा होता. तिनं गाडीकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं आणि माहीला हाक मारली. मी पुढे होऊन म्हटलं, “उद्या मोठा दिवस. आनंद झाला असेल ना?”

“कायचा?” ती म्हणाली आणि पोरीला घेऊन निघून गेली.

मला ते खटकलं. पण डोक्यावर ओझं घेतलेल्या बाईला गप्पा नको असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. इतकी वर्षं बातमीदारी करूनही मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

सोमवार : मिरवणूक

साडेनऊला गाडी निघाली. पुढे दोघे डफडी वाजवत, मागे गणवेशातली नऊ मुलं, त्यांच्या मागे गुरुजी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हातात नवीन दप्तर. दुर्गाच्या दारापाशी गाडी थांबली. डफडी थांबली. दुर्गा दारात उभी राहिली. पोरगी मागे, तिच्या पदराशी.

“गुरुजी, माही नाई येत,” दुर्गा म्हणाली. “तिचं नाव केशोरीच्या कॉन्व्हेंटात टाकलं. बुधवारपासून जाईन ती. माह्या बहिणीकडं रायन तिथं, शनिवारी घरी येईन.”

गुरुजींच्या हातातलं दप्तर तसंच राहिलं. “पण रमेशनं तर फोनवर हो म्हटलं होतं!”

“मंग रमेशले बसवा गाडीत.”

मागची मुलं आधी हसली, मग मोठी माणसंही. गुरुजी नाही हसले. दुर्गाची सासू यमुनाबाई ओट्यावर बसली होती. मोतीबिंदूनं तिला आता सावल्याच दिसतात. ती आवाजाच्या दिशेनं म्हणाली, “दुर्गे, अवं गावाची शाळा बंद होईन तुह्यापायी.”

“शाळा वाचवाले पोरगी नाई काढली मी.”

कोणीतरी म्हातारा गाडीमागून पुटपुटला. आवाज पुटपुटण्यापेक्षा मोठा होता. “दुसरं एक होऊ देलं असतं तं ही पाळी आली नसती.”

दुर्गानं त्या दिशेला पाहिलं. “पहिलीले सांभाळाले कोण आलं होतं, बाबाजी?”

एक बैल पाय आपटत होता. मुलांना काही कळेना, कोणाकडे बघावं. शेवटी शेवंताबाईंनी आवाज टाकला, “बैलं कायले उभे ठेवले? या नऊ जणांले बसवा गाडीत. हे का उपरे आहेत?” मुलं भराभर चढली, डफडी पुन्हा सुरू झाली आणि सजवलेली गाडी जुन्याच मुलांना घेऊन शाळेत गेली. दुर्गानं दार लावून घेतलं. तिच्या मागे माही रडत होती, ते बाहेर ऐकू येत होतं.

दुपारी बाराच्या सुमारास मी तिच्या घरी गेले. गुरुजींना न सांगता. ती मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, भेंडीच्या ओळी खुरपत होती. मी बसू का विचारलं. ती म्हणाली, बसा, पण समजवाले आल्या असाल तर जा. मी म्हटलं, समजवायला नाही, समजून घ्यायला आले. त्यावर ती जरा हसली. असं बोलणारे पुष्कळ येऊन गेले असणार.

थोड्या वेळानं तीच बोलू लागली. खुरपं थांबलं नाही.

“माही दोन वर्षाची होती. रोवणी चालू होती. धुऱ्यावरच्या, बांधावरच्या झाडाले साडीचा पाळणा बांधून तिले निजवलं न मी ओळीत वाकली. कवा उठली, कवा उतरली, मालूम नाई. पाहतो तं पाळणा रिकामा. बांधीत घोट्याइतकं पाणी. घोट्याइतकंच, बाई. पण ती पालथी पडली होती.”

तिचं खुरपं पुढच्या रोपाकडे सरकलं.

“उचलली, उलटी केली, रडली ती. काई नाई झालं तिले. पण त्या दिवशी मी ठरवलं, दुसरं होऊ द्याचं नाई. आशाताई इचारते, सासू इचारते, नवरा इचारते, दुसरं काऊन नाई. खरंच काऊन नाई ते ऐकाले कोणी बसत नाई, नुसतं काऊन नाई म्हणतात.”

“आणि शाळा?”

“शाळा साडेचारले सुटते. मले रोवणीतून याले सात वाजतात. शाळेपासून घरापर्यंत मधात ती बोडी आहे, पाहिली ना तुमी? पावसात भरते काठोकाठ. सासूले दिसत नाई. पोरगी अडीच घंटे कोणाच्या भरोशावर? बहिणीकडं निदान दार लावलेलं घर आहे.” मग जरा थांबून म्हणाली, “इंग्रजी शिकन ते पण आहेच. खोटं कायले बोलू. पण इंग्रजीसाठी कोणी आपली पोरगी सहा-सहा दिवस दुसऱ्याच्या घरी ठेवत नाई. मले तिच्याबिगर झोप नाई लागत.”

“हे गुरुजींना सांगितलंस का?”

“इचारलं कोणी? ते रमेशले फोन करून मोकळे झाले. रमेश नागपुरात हाय. बोडी इथं हाय.”

घरातून माहीनं हाक मारली. ती कॉन्व्हेंटचे नवे बूट घालून बघत होती, उजवा डाव्या पायात. दुर्गानं हात न धुताच जाऊन ते सरळ केले.

मी शाळेत गेले. गुरुजी दुसरीच्या मुलांना बेरीज घालून देऊन पडवीत एकटेच बसले होते. दुर्गानं सांगितलेलं मी त्यांना सांगितलं, पाळण्याची गोष्ट सोडून. ती तिची होती. बोडी आणि साडेचार ते सात एवढंच सांगितलं. त्यांनी फळ्याकडे पाहिलं. ‘स्वागत असो’ अजून तिथेच होतं.

“अकरा वर्षं झाली मला या गावात,” ते म्हणाले. “साडेचारला कुलूप लावतो अन् गाडीवर बसतो. रोवणीच्या दिवसांत पोरं कुठं जातात, हे मी... माझीच दोन पोरं लहान होती तेव्हा माझी बायको घरी होती, ताई. म्हणून डोक्यातच आलं नाही.”

दर वर्षी जूनच्या शेवटी शेवंताबाईंची टोळी एकत्र बसते. कोणाच्या बांधीत आधी रोवणी, कोणाच्या नंतर, हे ठरवायला. त्या दिवशी ती बैठक संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या पडवीत होती, कारण सावली तिथेच असते. पंधरापैकी बारा बायका आल्या होत्या. दुर्गाही होती. ती त्याच टोळीत रोवते. सकाळच्या प्रकारानंतर ती खांबाला टेकून जरा वेगळी बसली होती.

गुरुजी उभे राहिले. एरवी ते ओघात बोलतात, तेव्हा अडखळले. म्हणाले, “दुर्गाताई, सकाळी मी चुकलो. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. आता विचारतो. रोवणीच्या दिवसांत शाळा सुटल्यावर पोरं इथंच पडवीत राहिली तर? सहापर्यंत मी थांबीन. व्यवस्थापन समितीचा ठराव घेऊ. पण सहाच्या पुढं अन् रविवारी माझ्याच्यानं होणार नाही.”

शेवंताबाईंनी तंबाखू तोंडात सारली आणि बायकांकडे पाहिलं.

“पोट्टे कोणाकोणाचे रायतात मागं?”

हात वर झाले. पाच घरची आठ मुलं निघाली, पाळण्यातल्यापासून तिसरीतल्यापर्यंत.

“तं मंग रोज एक बाई मागं राहीन. पोट्ट्यांपाशी. तिची हाजरी बाकीच्यांसारखीच भरायची.”

“बसून हाजरी?” एक तरणी बाई म्हणाली. तिला मूल नव्हतं. “आमी चिखलात वाकावं न तिनं सावलीत बसावं?”

“तू एक दिवस आठ पोट्ट्यांसंगं राहून पाय. संध्याकाळी सांग, बसली होतीस का धावत होतीस.”

हशा झाला, पण ती बाई हटली नाही. पंधराच्या जागी चौदा हात झाले तर ठेका वेळेत कसा उरकणार, हा तिचा प्रश्न खराच होता. त्यावर बरीच घासाघीस झाली. दुसऱ्या गावचा एक ठेका सोडायचा का, की पलीकडच्या टोल्यावरच्या, म्हणजे वाडीवरच्या, दोघी टोळीत घ्यायच्या? टोल्यावरच्या बायका हळू रोवतात, असं एकीचं म्हणणं. तुझ्या नवऱ्यापेक्षा लवकर रोवतात, असं दुसरीचं. शेवटी टोल्यावरच्या दोघींना विचारायचं ठरलं.

“पहिली पाळी माही,” म्हणजे माझी, शेवंताबाई म्हणाल्या. “तसंही माह्या गुडघ्यानं मागच्या साली मले चिखलातून निघू नाई देलं, दोघींनी वढून काढलं. हसत होत्या सगळ्या. मी मागं रायली तर कोणाचं काई बिघडत नाई.”

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं. पण बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. टोळीची प्रमुख ओळीच्या पहिल्या जागी उभी राहते, बाकीच्या तिच्या वेगानं रोवतात. ती जागा सोडण्याबद्दल शेवंताबाई बोलत होत्या.

दुर्गानं तोंड उघडलं ते शेवटी. “मावशी, बोडीकडच्या बाजूनं आवाराले कुंपण नाई.”

“बांबू कोणाच्या बापाचे आहेत? उद्या तोडू.”

“मी विचार करतो. पण असं नका धरू का मी हो म्हटलं,” दुर्गा गुरुजींना म्हणाली. गुरुजींनी मान हलवली. हे वाक्य आपल्यालाही उद्देशून आहे, असं मला वाटलं. मी वही आधीच मिटली होती.

मंगळवार : परत

मला सकाळी निघायचं होतं. निघण्याआधी गुरुजींसोबत गावात गेले. आवाराच्या मागच्या बाजूला शेवंताबाई दोन पुरुषांकडून बांबू रोवून घेत होत्या आणि प्रत्येक खड्ड्याबद्दल त्यांना बोलत होत्या. दहा वाजता प्रार्थना झाली. नऊ मुलं. गुरुजी पट भरत होते, वर बघत नव्हते.

सव्वादहाला दुर्गा आली. माहीचा हात धरून, चालत. केसांना तेल, दोन वेण्या, पायात कॉन्व्हेंटचेच नवे बूट.

पडवीत न चढता ती म्हणाली, “रोवणीपुरतं पाहीन, गुरुजी. एक दिवस जरी पोरगी बोडीकडं एकटी दिसली, तर केशोरीले नेईन. तवा मंग गावानं मले काई म्हणाचं नाई.”

“नाही म्हणणार.”

“तुमचं नाई. गावाचं बोलून राहिली मी.”

कुंपणाजवळून शेवंताबाई ओरडल्या, “गाव म्हणजे मीच होय. नाई म्हणत. बसव तिले.”

पहिलीच्या रजिस्टरमध्ये गुरुजींनी नाव लिहिलं. आईचं नाव विचारून आधी तेच लिहिलं, मग बापाचं. पहिलीत दुसरं कोणी नसल्यामुळे माहीला दुसरीच्या दोघींमध्ये बसवलं. त्यातली एक सरकली आणि आपली पाटी मधे ठेवली. दुर्गा पाच मिनिटं दाराबाहेर उभी राहिली, मग पऱ्ह्यांचं काम आहे म्हणून गेली.

परतीला अर्जुनी मोरगाव, नवेगाव, मग महामार्ग. साकोलीला चहा. संध्याकाळच्या आत नागपूर. चार दिवसांचा सगळा खर्च पेट्रोल धरून साडेचार हजारांच्या आत बसला. कोणी जाणार असेल तर नवेगावसाठी हिवाळा धरा. पण या भागातलं जगणं पाहायचं असेल तर रोवणीत जा. बांध्यांत ओळीनं वाकलेल्या बायका दिसतील. त्यांची मुलं कुठे आहेत, तेही एकदा पाहून घ्या.

लेख बुधवारी संध्याकाळी दिला. बाळामागे पैसे देणारा देश, रजा देणारा देश, सगळे त्यात आहेत, आणि मी त्यांची चेष्टा केलेली नाही. ते धडपडत आहेत. आईला सोडून बापाला फोन करणाऱ्या गुरुजींचीही मला चेष्टा करावीशी वाटत नाही. त्यांना शाळा हवी होती आणि ती हवी असण्यात काही गैर नव्हतं. लेखात मी एवढंच जास्तीचं लिहिलं, की मुलं का होत नाहीत हा प्रश्न बहुतेक ठिकाणी उत्तर आधी ठरवून विचारला जातो. संपादकांनी ते वाक्य ठेवलं, गोंदियाचा भाग मात्र जागेअभावी काढला. म्हणून तो इथे लिहिला.

रोवणी मध्यावर असताना मी गुरुजींना फोन केला. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते आणि ते शाळेतच होते. मागे पोरांचा गलका, त्यावर शेवंताबाईंचा आवाज. माही रोज येते, म्हणाले. ‘क’ ते ‘न’ लिहिते. दुर्गानं अजून कायमचं हो म्हटलेलं नाही आणि तेही विचारत नाहीत. आठाची दहा मुलं झाली आहेत. टोल्यावरच्या दोघी टोळीत आल्या, त्यांनी आपली दोन आणली. त्या मुलांतल्या एका पोरीला यंदा सहा वर्षं पूर्ण झाली आहेत, नाव अजून कुठल्याच शाळेत नाही.

“अहो, मग पट अकरा झाला की!” मी म्हटलं.

“नाव टाका असं म्हटलं नाही मी अजून.”

“का?”

“तिची माय रोज तिला न्यायला येते, ताई. चिखलाचे पाय धुते, पडवीत टेकते. पाच मिनिटं बसते, कधी दहा. पोरगी तिला दिवसभराचं सांगते, ते ऐकते.” मागे कोणीतरी पडलं, रडलं, शेवंताबाईंनी उचललं असावं. “तिला काय वाटते ते तीच सांगेल. मी वाट पाहून राहिलो.”